स्टार्टर पाचव्या इनिंगला का फुटतो? आधी त्याचा तिसरा चेंडू बघा

कॉम्प्युटरवर बेसबॉलची टीम चालवणाऱ्यांची तक्रार तीच, फक्त दर सीझनला पिचर (चेंडू टाकणारा) नवा. एप्रिल-मेमध्ये टीम झकास पळते. जूनपासून स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारे पिचर, नऊपैकी पाचव्या-सहाव्या इनिंगला मार खायला लागतात, ऑगस्टपर्यंत बुलपेन, म्हणजे मागाहून येणाऱ्या रिलिव्हरांची फळी, आडवं पडतं आणि सप्टेंबरात आपण पुढच्या ड्राफ्टची (नव्या खेळाडूंच्या निवडीची) यादी काढून बसतो.

आमची सहा जणांची लीग आहे, आउट ऑफ द पार्क बेसबॉल या कॉम्प्युटर गेमवर. चौघं सांगली-मिरजेचे, एक इस्लामपूरचा आणि एक साताऱ्याला नोकरीला असलेला माझा मेव्हणा. तो शाळेत सॉफ्टबॉल खेळलाय, त्यामुळे स्वतःला आमच्यातला जाणकार समजतो. वरचं रडगाणं मी सलग तीन सीझन गायलं. तिसऱ्या सीझनच्या मध्यावर त्याचा फोन आला. "दाजी, तुमची गाडी पुण्याला म्हणून निघते आणि दरवेळी कराडातच धूर काढते. ड्रायव्हर काय बदलताय सारखा? गाडी कसली घेतलीय ते बघा की एकदा." त्यानंतर माझा स्टार्टर फुटला की आमच्या ग्रुपवर त्याचा एकच शब्द पडायचा: "कराड."

झोंबलं. मग एका रविवारी भडंगाची पुडी फोडून तीन सीझनचे बॉक्स स्कोअर (मॅचच्या आकड्यांचे तक्ते) चाळायला बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतोय. मेनूंची नावं माझ्या गेमची आहेत, पण दुखणं बहुतेक सगळ्या बेसबॉल सिम्युलेशनमध्ये हेच असतं. स्ट्रॅट-ओ-मॅटिक हा फासे-पत्त्यांचा खेळ १९६१ पासून चालू आहे, त्याच्या पत्त्यांवरही स्टार्टरचा दम आणि रिलिव्हरचा दम वेगळा छापलेला असतो.

तारे रोल बघून लागतात

ज्या पोरानं माझे डोळे उघडले तो डावखुरा, चोवीस वर्षांचा. आदल्या सीझनला दुसऱ्या टीमच्या बुलपेनमधून ५८ इनिंग्ज, ईआरए (नऊ इनिंगमागं पिचरच्या खात्यावर पडलेले रन, कमी तेवढा चांगला) २.३३. स्टफ ७०, मूव्हमेंट ५०, कंट्रोल ४५. आमच्याकडे २० ते ८० ची पट्टी लावलीय, त्यात ५० म्हणजे लीगमधला मध्यम. नवख्यांसाठी एवढंच सांगतो, की स्टफवर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) ठरतात, मूव्हमेंटवर मुख्यतः होमरन (भिंतीपलीकडचा फटका) आणि कंट्रोलवर वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकटचा बेस). मी हिशोब केला: एक इनिंग असा टाकतोय तर सहा टाकायला लावू. पैसे मोजले, रोल बदलून स्टार्टर केला आणि प्रोफाइल पुन्हा न बघता पुढं गेलो.

बघायला हवं होतं. रोल बदलताक्षणी त्याचा स्टफ ७० वरून ५५ वर आला होता.

यात गेमची लबाडी काही नाही. खऱ्या बेसबॉलमध्येही एका इनिंगसाठी आलेला पिचर हातचं राखून टाकत नाही. त्याचा फास्टबॉल ताशी मैल-दोन मैलांनी वाढतो, आणि आपले दोन सर्वांत चांगले चेंडू तेवढे तो वापरतो. गेम ती वाढ रिलिव्हरच्या स्टफमध्ये मिळवूनच दाखवतो. शेजारचे दर्जाचे तारेसुद्धा त्या रोलपुरतेच असतात. रिलिव्हरचे चार तारे आणि स्टार्टरचे चार तारे एका तराजूत घालणं म्हणजे शंभर मीटर पळणाऱ्याला मॅरेथॉनच्या यादीत टाकणं.

तेव्हा पहिली तपासणी ही. खेळाडू आपला असेल तर त्याचा रोल बदलून बघा, स्टफ किती घसरतो ते लिहून ठेवा आणि रोल परत जागेवर करा. पाच-दहा सेकंदांचं काम आहे. घसरण पाचाच्या आत असेल तर माणूस रोटेशनसाठी (पाळीपाळीनं उतरणाऱ्या स्टार्टरांत) विचार करण्यासारखा. दहा-पंधरा असेल तर तो बुलपेनचाच, कितीही देखणा दिसू दे. खेळाडू दुसऱ्याच्या टीमचा असेल तर हे करता येत नाही, मग त्याचे एकेक चेंडू उघडून बघावे लागतात.

सव्वाचार सव्वाचारे अठरा

त्याचे चेंडू असे होते: फास्टबॉल ७०, स्लायडर (शेवटी आडवा वळणारा) ६५, चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा, पण संथ) ३०. तो तीसचा आकडा मी वाचला होता, खोटं कशाला बोलू. 'आहे की तिसरा चेंडू' म्हणून सोडून दिला. तीसचा चेंडू असून नसल्यासारखा असतो. मी आता ४५ च्या खालचा चेंडू मोजतच नाही.

तिसऱ्या चेंडूचं एवढं काय, हे ज्यानं कुंडलचं कुस्तीचं मैदान बघितलंय त्याला समजावायला लागू नये. एक पैलवान असतो, त्याचा घिस्सा असा की समोरचा दोन मिनिटांत चीतपट. लोक डोक्यावर घेतात. पण कुस्ती लांबली, समोरच्यानं दोनदा घिस्सा सोसला आणि तिसऱ्यांदा त्याचा हात यायच्या आधीच पाय मागं घेतला, तर या गड्याकडं ढाक लागते, एकलंगी लागते, काहीतरी लागतंच. ते नसेल तर उरलेला वेळ तो नुसता झोंबत राहतो.

आता आकड्यांत बघा. एका बॅटरमागं सरासरी चारच्या जरा आत चेंडू जातात. शंभर चेंडूंत साधारण पंचवीस बॅटर होतात. लाइनअप, म्हणजे बॅटरची ठरलेली रांग, नऊ जणांची. नऊ आणि नऊ अठरा, म्हणजे शेवटचे सात बॅटर त्याला तिसऱ्यांदा भेटतात. आणि हे सात कोण? लाइनअपच्या डोक्यावरचे, म्हणजे समोरच्या टीमचे सगळ्यांत तयार. तिसऱ्या फेरीला बॅटर पिचरला जास्त चांगला खेळतात हे खऱ्या बेसबॉलच्या आकड्यांतून पक्कं झालेलं आहे. ही फेरी सुरू कधी होते? मध्यम पिचरला दर इनिंगला सव्वाचार बॅटर पकडा. अठरा बॅटर संपायला लागतात सव्वाचार इनिंग्ज. जुन्या पाढ्यासारखं पाठ करून ठेवा: सव्वाचार सव्वाचारे अठरा, वर थोडी चिल्लर. म्हणजे पाचव्या इनिंगच्या सुरुवातीलाच समोर पहिल्या नंबरचा बॅटर उभा. पाचव्याच इनिंगला का फुटतो, याचं उत्तर इथं आहे.

मेव्हण्याच्या टीमबरोबरची एक मॅच मी चेंडूगणिक उघडून बघितली. त्याचा दोन नंबरचा बॅटर उजव्या हाताचा. पहिल्या इनिंगला माझ्या डावखुऱ्यानं त्याला स्लायडरवर हवेत बॅट फिरवायला लावून काढला. तिसऱ्या इनिंगला पुन्हा स्लायडर, तो जेमतेम लागला, सोपा कॅच. पाचव्या इनिंगला पहिला फास्टबॉल बाहेर, दुसरा फास्टबॉल फाउल, तिसरा पुन्हा बाहेर, आणि मग आला तोच स्लायडर. चेंडू डाव्या भिंतीच्या पलीकडं, दोन रन. ग्रुपवर लगेच "कराड".

त्यात दुसरंही एक दुखणं लपलेलं होतं. डावखुऱ्याचा स्लायडर उजव्या बॅटरच्या दिशेनं आत येतो, त्यामुळं त्याला तो दिसतो चांगला. उलट हाताच्या बॅटरवर खरं हत्यार चेंजअप, आणि ते याच्याकडं बोथट. म्हणून प्रोफाइलमध्ये डाव्या आणि उजव्या बॅटरविरुद्धचे आकडे वेगवेगळे बघायचे. स्टार्टरला समोरचा कोण हे निवडता येत नाही, समोरचा मॅनेजर पहाटेच सहा-सात उजवे लावून मोकळा होतो. रिलिव्हरला आपण निदान थोडंफार बघून आणू शकतो. तेही आता पूर्वीसारखं नाही. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये २०२० पासून आलेल्या पिचरनं किमान तीन बॅटर खेळवायचे किंवा इनिंग संपवायची, असा नियम आहे. एका डाव्या बॅटरपुरता आणायचा डावखुरा स्पेशालिस्ट त्यामुळं जवळपास संपला. तुमच्या लीगमध्ये हा नियम चालू आहे का ते सेटिंगमध्ये बघा, नाहीतर २०१५ च्या डोक्यानं २०२३ ची टीम बांधाल. मी बांधली होती.

खऱ्या खेळातली दोन माणसं समोर ठेवली की हे पक्कं बसतं. मारियानो रिवेरा १९९५ मध्ये यँकीजकडून आला तेव्हा त्यानं दहा मॅच स्टार्टर म्हणून टाकल्या, आणि त्या सीझनचा त्याचा ईआरए ५.५१ होता. पुढं तो बुलपेनमध्ये गेला, जवळजवळ कटर या एकाच चेंडूवर ६५२ सेव्ह (आघाडी राखून मॅच संपवल्याची नोंद) घेतले आणि २०१९ मध्ये एकही मत विरोधात न जाता हॉल ऑफ फेममध्ये बसला. एका डावाचा पैलवान, पण कुस्ती दोन मिनिटांचीच ठेवली. दुसरा जॉन स्मोल्ट्झ. १९९६ ला स्टार्टर म्हणून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार, २००० मध्ये कोपराचं ऑपरेशन, मग क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारा) होऊन २००२ मध्ये ५५ सेव्ह, आणि २००५ ला परत रोटेशनमध्ये. त्याला परत जाता आलं, कारण त्याच्याकडं डावही होते आणि दमही. तुमच्या यादीत बहुतेक रिवेराच्या जातीचे असतात, म्हणजे गुणानं नव्हे, साच्यानं. स्मोल्ट्झ क्वचित.

दम, म्हणजे स्टॅमिना

चेंडू चार असले आणि स्टॅमिना पस्तीस असला तरी उपयोग नाही, हे सगळ्यांना कळतं. कळत नाही ते असं, की दम एकदम संपत नाही. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात आपण सगळे आयर्विन पुलाजवळचा आकडा बघत बसतो. ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. चाळिसाला जो सामान वर चढवतो त्याचं वाचतं, पंचेचाळिसाला जागा होतो त्याचं भिजतं. मी पिचरला नेहमी पंचेचाळिसाला काढत होतो. फटके बसले, दोन बेसवर माणसं, मग रिलिव्हर.

पिचरला किती लवकर काढायचं याची सेटिंग गेममध्ये असते. ज्याचा स्टॅमिना ५० च्या खाली आहे किंवा तिसरा चेंडू जेमतेम आहे, त्याला लवकर काढण्यावर ठेवा. अठरा बॅटर झाले की बाहेर, मग तो नो-हिटर (एकही हिट न दिलेली मॅच) टाकत असला तरी. हे करताना हात थरथरतो, मान्य आहे.

जुन्या काळाची लीग खेळणाऱ्यांना हे लागू नाही. १९६८ मध्ये बॉब गिब्सननं ३४ पैकी २८ मॅच स्वतःच संपवल्या होत्या, ईआरए १.१२. त्या काळाच्या सेटिंगवर गेम स्टार्टरला मैदानात जास्त वेळ ठेवतो, तिथं दमाला सोन्याचा भाव.

बुलपेन आजारी नाही, उपाशीही नाही, राबवून मारलेलं आहे

ऑगस्टमध्ये रिलिव्हर एकेक करून ढेपाळले की आपण नवे रिलिव्हर शोधायला धावतो. त्याआधी हा हिशोब मांडा. १६२ मॅच गुणिले नऊ, १४५८ इनिंग्ज. स्टार्टर सरासरी साडेपाच टाकत असतील तर ८९१ त्यांच्या, उरल्या ५६७. आजच्या नियमात २६ च्या संघात जास्तीत जास्त १३ पिचर, म्हणजे पाच स्टार्टर आणि आठ रिलिव्हर. प्रत्येकाच्या वाट्याला ७१ इनिंग्ज. चालून जातं. आता माझ्यासारखे स्टार्टर साडेचारलाच गळत असतील तर त्यांच्या ७२९ आणि बुलपेनच्याही ७२९. प्रत्येकी ९१. शिवाय चांगल्या तिघांना जास्त बोलावलं जातं, त्यामुळं त्यांची शंभरी पार. ही दुरुस्ती बुलपेनमध्ये करून होत नाही. ट्रॅक्टरचं चाक रुतलंय म्हणून बैलाला चाबूक मारण्यासारखं आहे ते.

ईआरएवर पैसे लावू नका

आता माझ्या मूळ चुकीकडं. २.३३ बघून मी भुललो. रिलिव्हरच्या ५८ इनिंग्ज म्हणजे अडीचशेच्या आसपास बॅटर, एवढ्यात नशीब बक्कळ काम करून जातं. व्होरोस मॅक्रॅकन या विश्लेषकानं २००१ मध्ये मांडलं, की मैदानात पडलेला चेंडू हिट होतो का आउट, यावर पिचरचा ताबा फार थोडा असतो. त्याच विचारातून एफआयपी आला, म्हणजे फक्त पिचरच्या हातातल्या गोष्टींवरून काढलेला ईआरएसारखा आकडा. होमरन गुणिले १३, वॉक आणि अंगावर बसलेले चेंडू मिळून गुणिले ३, यांची बेरीज, त्यातून स्ट्राइकआउटची दुप्पट वजा, भागिले इनिंग्ज, आणि वर साधारण ३.१०.

माझ्या पोराचे आकडे: ७ होमरन, २६ वॉक, २ अंगावर, ६२ स्ट्राइकआउट. ९१ अधिक ८४ वजा १२४ बरोबर ५१. भागिले ५८, म्हणजे ०.८८. एफआयपी ३.९८. अडीचच्या आतला माणूस चारचा निघाला, आणि तोही बुलपेनमध्ये बसून.

आता त्याला रोटेशनमध्ये आणू. टॉम टँगो या विश्लेषकाचा सतराचा नियम आहे: बुलपेनमधून रोटेशनमध्ये आलेल्याचे स्ट्राइकआउट साधारण सतरा टक्के घटतात, होमरन साधारण सतरा टक्के वाढतात, वॉक आहे तेवढेच राहतात. इनिंग्ज तेवढ्याच धरल्या तर ५१ स्ट्राइकआउट, ८ होमरन. १०४ अधिक ८४ वजा १०२ बरोबर ८६. एफआयपी ४.५८. आणि माझ्याकडं स्टार्टर म्हणून त्याचा खरा ईआरए किती झाला? पावणेपाच. कागदावर पेन्सिलनं दोन मिनिटांत निघालं असतं ते कळायला मला चार महिने आणि बजेटचा मोठा तुकडा लागला. दिवसभर अडत दुकानात हळदीच्या पट्ट्या जुळवणारा माणूस मी, पण घरी आलो की पोत्यावरचा शिक्का बघून माल घेतला.

मग करायचं काय

ज्याचा स्टफ दहाच्या वर घसरतो आणि तिसरा चेंडू ४५ च्या खाली आहे, त्याचं वय बघा. वीस-एकवीसचा असेल आणि चेंजअपचं पोटेन्शियल पन्नासच्या पुढं असेल, तर त्याला खालच्या, म्हणजे मायनर लीगमध्ये स्टार्टर म्हणूनच ठेवा. इनिंग्ज मिळतात, चेंडू वाढायची शक्यता राहते, बुलपेनमध्ये नेऊन बसवायला पुढं केव्हाही वेळ आहे. माझ्यासारखा चोवीसचा असेल आणि पोटेन्शियलच ३५ असेल, तर वाट बघू नका. एक सावधगिरी मात्र बाळगा. स्काउट कच्चा असेल तर हे पोटेन्शियलचे आकडे बरेच हलतात. मी सहा महिन्यांच्या अंतरानं दोनदा बघतो, मगच निर्णय.

डावखुऱ्याला मी परत बुलपेनमध्ये नेला, पण क्लोजर केला नाही. नवव्या इनिंगला तीन रनांची आघाडी सांभाळणं हे तसं सोपं काम आहे, त्यात सेव्ह मिळतो म्हणून डोळ्यात भरतं, एवढंच. सातव्या इनिंगला बरोबरी, दोन माणसं बेसवर, तिथं चांगला रिलिव्हर लागतो. गेममध्ये त्यासाठी स्टॉपर म्हणून रोल आहे, तो त्याला दिला. रोल बदलताच स्टफ परत ७० वर, जणू माहेरी आला.

पाचव्या स्टार्टरची जागा राहिली होती. माझ्याकडं स्टार्टर म्हणावा असा पाचवा नव्हताच, आणि बाजारातले महाग. तिथं ओपनर लावला. हा प्रयोग टॅम्पा बे रेजनं १९ मे २०१८ ला सर्जिओ रोमोला पहिल्या इनिंगला पाठवून सुरू केला. पहिल्या इनिंगला एक तगडा रिलिव्हर समोरचे डोक्यावरचे बॅटर काढून जातो, मग आपला दोन-फेऱ्यांचा माणूस चौथ्या-पाचव्या बॅटरपासून सुरू करतो. तो अठरा बॅटर टाकून बाहेर पडेपर्यंत पहिल्या-दुसऱ्या नंबरवाल्यांनी त्याला दोनदाच बघितलेलं असतं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, ही रडीची कुस्ती." म्हणू दे.

चौथ्या सीझनला रोटेशन एकच प्रश्न विचारून बांधलं, तिसऱ्यांदा तोच बॅटर समोर आला तर याच्याकडं दाखवायला काय आहे. दोघं असे मिळाले की ज्यांचे तारे आधीच्यांपेक्षा कमी होते, पण ४५ ते ५५ चे चार-चार चेंडू आणि साठचा स्टॅमिना. दिसायला अगदी सुमार. स्टार्टरची सरासरी साडेचारवरून साडेपाचच्या जरा पुढं गेली, रिलिव्हर सप्टेंबरपर्यंत उभे राहिले. प्लेऑफ मात्र दोन मॅचनं हुकलं, कारण शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) दीड महिना जायबंदी होता आणि त्याच्या जागी मी कोणाला उभं केलं ते सांगत नाही. मेव्हण्याचा मेसेज आला, यावेळी कराडच्या जरा पुढच्या गावाचा: "उंब्रज."